दंड मुलींचा, सही वॉर्डनची!

शाळेची सहल वेरूळला न्यायची असली तर मुख्याध्यापक पालकांची लेखी परवानगी मागतात. मुलगी दोन दिवस तापाने घरी राहिली आणि तिच्या हाती बापाच्या सहीची चिठ्ठी नसली तर वर्गशिक्षक तिला दाराबाहेर उभी करतात. प्रगतिपुस्तकावर आईचा अंगठा असेल तर तो आईचाच कशावरून, अशी उलटतपासणी घेणारे गुरुजीही या देशात विपुल आहेत. सहीच्या बाबतीत इतक्या सोवळ्या असलेल्या या देशात २००९ साली दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना एका अभ्यासासाठी रांगेत उभे करण्यात आले, त्यांच्या दंडात एका नव्या लसीची सुई खुपसण्यात आली, आणि त्यांतल्या हजारो मुलींच्या संमतिपत्रावर ना आईची सही होती ना बापाची. सही होती वॉर्डनची.

प्रकरण जुने झाले, आता कशाला उकरता, असे म्हणणाऱ्यांची सोय आम्हांला करायची नाही, म्हणून ते मुळापासून सांगतो. जुलै २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात, भद्राचलम, कोत्तागुडेम आणि तिरुमलायपालेम या तीन मंडलांत, सुमारे १४ हजार मुलींना मर्क कंपनीची ‘गार्डासिल’ ही लस देण्यास आरंभ झाला. पुढच्याच महिन्यात गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात डभोई, शिनोर आणि कवांट या तालुक्यांतल्या सुमारे १० हजार मुलींना ग्लॅक्सोस्मिथक्लाइनची ‘सर्व्हारिक्स’ टोचली जाऊ लागली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूला या लसी अटकाव करतात. प्रत्येकीला तीन मात्रा द्यायच्या होत्या. पैसा गेट्स फाउंडेशनचा, लसी कंपन्यांनी फुकट दिलेल्या, सूत्रे अमेरिकेतील सिअॅटलच्या ‘पाथ’ या संस्थेच्या हाती, आणि मांडीला मांडी लावून बसलेली आपली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, व दोन्ही राज्यांची आरोग्य खाती. मार्च २०१० मध्ये ‘समा’ या स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या गटाच्या कार्यकर्त्या खम्मममध्ये पोहोचल्या, तेव्हा त्यांना आश्रमशाळांच्या वसतिगृहांतल्या मुली भेटल्या. अनेक मुली आदिवासी, गरीब घरच्या. त्यांच्या हाती लसीकरणाचे कार्ड होते, ते इंग्रजीत. ही लस कर्करोगापासून वाचवते, तिचा त्रास काही होत नाही, एवढीच काय ती त्यांना मिळालेली माहिती. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने प्रकल्प थांबवला, कारण तोवर सात मुलींच्या मृत्यूची बातमी देशभर झाली होती.

त्या सात मृत्यूंविषयी आम्ही आधीच निःसंदिग्धपणे बोलतो, म्हणजे पुढे कुणी आमच्या तोंडी नसते शब्द घालू नयेत. पाच मृत्यू आंध्रातले, दोन गुजरातेतले. सरकारी चौकशी समितीने त्यांचा तपास केला: एक मुलगी पाण्यात बुडाली होती, एक सर्पदंशाने गेली, दोघींनी कीटकनाशक घेतले, एकीला मलेरियाने नेले, उरलेल्या दोघींचे कारण ठामपणे ठरले नाही, पण लसीशी संबंध दिसत नाही, असा समितीचा निष्कर्ष. तो आम्ही मान्य करतो. लसीने मुली मारल्या अशी आरोळी ठोकून ज्यांनी त्या सात चितांवर आपली पोळी भाजून घेतली, त्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. लस उपयोगी आहे. या देशात वर्षाला सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि ७५ हजारांहून अधिक त्याने मरतात. त्या मरणाची रीत ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना लसीचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही.

पण चौकशी समितीचा हा निष्कर्ष हाती पडताच दिल्लीपासून सिअॅटलपर्यंत ज्यांनी सुटकेचा श्वास टाकला, जणू मृत्यूंचा डाग पुसला म्हणजे सर्वच धुतले गेले, जणू मुलगी जिवंत राहिली की तिला विचारायचे राहून गेले हे आपोआप माफ होते, जणू परक्याच्या घरात शिरलेल्याने काही चोरले नाही एवढ्यावर त्याने कडी का काढली हे विचारायचेच नसते, त्या सर्वांना आमचे सांगणे आहे की अपराधासाठी मुलगी मरावी लागत नाही. सुई टोचली त्या क्षणीच तो पुरा झाला होता.

आता ती संमतिपत्रे पाहा. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ३० ऑगस्ट २०१३ रोजी आपला बाहत्तरावा अहवाल मांडला आणि त्यात हे आकडे देशासमोर ठेवले. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते. २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या ठोकल्या होत्या. शंभरातल्या एकोणतीस मुलींच्या आईबापांची जागा एका सरकारी नोकराने घेतली! गुजरातेत ६,२१७ पत्रांपैकी ३,९४४ पत्रांवर अंगठे. अंगठा लावणे हा कमीपणा नव्हे; या देशाची निम्मी शेती अंगठ्यांवर उभी राहिली. पण जिला अक्षर वाचता येत नाही अशा आईपुढे छापील कागद ठेवला, तर तो तिला वाचून, समजावून सांगितला याची साक्ष तिसऱ्या माणसाने द्यायची असते. साक्षीदाराची सही असते ती त्यासाठी. आंध्रातली शंभर पत्रे काढून पाहिली तेव्हा एकोणसत्तर पत्रांवर साक्षीदाराची सहीच नव्हती. कित्येकांवर तारीख नव्हती. एकाच महाभागाने सात पत्रांवर सही केली होती. पालक म्हणून ज्याने अंगठा उमटवला तो खरोखर पालकच होता हे दाखवणारा फोटो नाही, ओळखपत्र नाही. सहकारी सोसायटीकडून पाच हजारांचे पीककर्ज घ्यायला जावे तर सातबाऱ्यापासून दोन जामीनदारांपर्यंत सगळे लागते. मुलीच्या शरीराला जामीन लागला नाही.

आणि हे कुणा एका आळशी कारकुनाच्या हातून घडले असते तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. वॉर्डन आणि मुख्याध्यापक यांनी पालकांच्या वतीने सह्या कराव्यात, असे आंध्रच्या राज्य शासनाच्या परिपत्रकानेच त्यांना सांगितले होते! ज्या चौकशी समितीने मृत्यूंच्या बाबतीत प्रकल्पाला सोडून दिले, तिलासुद्धा या परिपत्रकाची वैधता अत्यंत संशयास्पद वाटली. वाटणारच. परवानगी मागणारे शासन, परवानगी देणारा शासनाचा पगारी नोकर, त्या नोकराला परवानगी द्यायला फर्मावणारे परिपत्रक शासनाचे, आणि त्या परवानगीच्या बळावर सुई टोचणारी परिचारिकाही शासनाचीच. वरानेच वधूपित्याच्या रकान्यातही आपली सही करावी आणि मग मांडवभर मुलीकडची मंडळी राजी आहेत म्हणून साखर वाटावी, तसा हा सोहळा झाला.

या सोहळ्यात वसतिगृहच का निवडले, याचे उत्तर ज्याने आश्रमशाळा आतून पाहिली आहे त्याला देण्याची गरज नाही. आश्रमशाळेतली बारा वर्षांची मुलगी म्हणजे काय असते? पाड्यावरचे घर एक दिवसाच्या वाटेवर, बाप मजुरीला परमुलखात, आईशी बोलायचे तर दिवाळीच्या सुट्टीत; तिचा भात वॉर्डनच्या हाती, तिची चादर वॉर्डनच्या हाती, घरी जायची रजा वॉर्डनच्या हाती, पुढच्या वर्षी पटावर तिचे नाव राहील की नाही हेही वॉर्डनच्या तोंडच्या शब्दावर; अशा मुलीला सकाळच्या प्रार्थनेनंतर रांगेत उभे करायचे, समोर पांढऱ्या कोटातली माणसे, शेजारी छडी घेतलेले गुरुजी, मागे पुढे सरकणाऱ्या मैत्रिणी, आणि मग तिने काही न बोलता बाही वर केली की त्या मौनाला संमती म्हणून वहीत टिपून घ्यायचे, याला विज्ञान म्हणायचे असेल तर वेठबिगारीला रोजगार हमी म्हणायला आमची हरकत नाही. तीन मात्रा पुऱ्या करायच्या तर सहा महिने मुलगी जागेवर सापडायला हवी. वसतिगृहातली मुलगी सापडते. तिला जायला जागाच नसते.

मुलीला विचारायचे असते हे कुणाला ठाऊकच नव्हते काय? होते! चांगले ठाऊक होते! २००६ साली आयसीएमआरनेच माणसांवरील संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वे छापली. त्यांत मुलांविषयी स्वच्छ लिहिले आहे की पालकाची संमती घ्यावीच, शिवाय मुलाला जेवढी समज असेल तेवढा त्याचा स्वतःचा होकारही घ्यावा, किशोरवयीन मुलांचा तर विशेषकरून; आणि मुलाने नकार दिला तर, त्याच्या आजारावर दुसरा इलाजच नाही अशी वेळ वगळता, तो नकार नेहमी मानावा. निरोगी मुलीला प्रतिबंधक लस देणे ही असली निर्वाणीची वेळ नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. त्याआधी १९९२ सालीच भारताने बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर मान्यतेची मोहोर उठवली होती, आणि आपल्याशी संबंधित गोष्टीत मुलाला आपले मत मांडण्याचा हक्क आहे, हे त्या कराराचे बारावे कलम. म्हणजे नियम करणारी संस्था तीच, नियम मोडला गेला त्या प्रकल्पाची भागीदार संस्था तीच. कुंपणच शेतात शिरले होते.

बरे, भागीदारी झाली तरी कधी? मार्गदर्शक तत्त्वांची शाई वाळते न वाळते तोच, फेब्रुवारी २००७ मध्ये, आयसीएमआरने ‘पाथ’शी सामंजस्य करार केला. लसीला भारतात विक्रीची परवानगी मिळाली ती २००८ साली. परवानगीच्या आधी करार! जिची उपयुक्तता या देशात स्वतंत्रपणे तपासलेली नव्हती, जिला या देशाच्या औषध महानियंत्रकांनी अद्याप दार उघडलेले नव्हते, ती लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आणण्याच्या वाटेवर देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संशोधन संस्थेने आधीच पायघड्या घालून ठेवल्या होत्या. परीक्षकाने उत्तरपत्रिका येण्यापूर्वीच गुण भरून ठेवले, तर आम्ही त्याला निलंबित करतो.

इथे ‘पाथ’चा युक्तिवादही ऐकून घ्या, कारण तो ऐकण्याजोगा आहे. त्यांनी स्थायी समितीचे निष्कर्ष फेटाळले. म्हणे ही औषधचाचणी नव्हतीच; लसींना परवाना मिळालेला होता, लसीकरण गावोगाव कसे पोहोचवता येईल हे पाहणारा हा प्रात्यक्षिक प्रकल्प होता, निरीक्षणाचा अभ्यास होता. ठीक. तर मग आमचा एकच सवाल. हे साधे सरकारी लसीकरण असेल, गोवराच्या आणि पोलिओच्या पंगतीतले, तर संमतिपत्रांचे गठ्ठे कशाला छापले? आणि संशोधन असेल, तर संशोधनाचे नियम कोणत्या खुंटीला टांगले? पोटात दुखले, चक्कर आली, पाळी बिघडली अशा तक्रारी मुलींनी केल्या त्या नोंदवायची धड व्यवस्था नाही. काही बरेवाईट झाले तर भरपाईसाठी विमा नाही. देखरेखीला स्वतंत्र यंत्रणा नाही. वरून प्रचारसाहित्यावर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचे बोधचिन्ह, म्हणजे पाड्यावरच्या बापाला वाटावे की ही सरकारचीच नेहमीची सुई. पालकांसमोर सरकार व्हायचे, महानियंत्रकांसमोर नुसते निरीक्षक व्हायचे, देणगीदारांसमोर संशोधक व्हायचे आणि संसदेसमोर समाजसेवक! बहुरूप्यालासुद्धा एका दारात एकच सोंग आणावे लागते.

हेतूंकडे वळल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. हा प्रकल्प चार देशांत होता: भारत, पेरू, युगांडा आणि व्हिएतनाम. स्थायी समितीने या यादीकडे बोट दाखवून विचारले की या चौघांत समान काय? समान हे की चारही ठिकाणी सरकारच्या पैशाने चालणारे राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम आहेत. त्या कार्यक्रमांत एकदा शिरकाव झाला की पुढे जाहिरात नको, दुकान नको, गिऱ्हाईकाची मनधरणी नको. कोट्यवधी मुलींच्या मात्रांची खरेदी दरवर्षी सरकारी तिजोरीतून. म्हणूनच पहिल्या काही हजार मात्रा फुकट होत्या. ‘पाथ’चा उद्देश लस उत्पादकांचे व्यापारी हित साधणे हाच होता, अशा तिखट भाषेत समितीने निवाडा दिला आणि मुलींच्या मानवी हक्कांचा हा उघड भंग आहे, बालकांचा छळ आहे, असेही म्हटले. उद्देश केवळ तेवढाच होता की त्यात परोपकाराचा शिंतोडाही होता, याचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. परोपकारी माणसाला मुलीच्या आईला विचारण्याची लाज का वाटली, एवढेच आम्ही विचारतो. चौकशी समितीवरच्या काही सदस्यांच्या हितसंबंधांकडेही स्थायी समितीने बोट दाखवले आहे. म्हणजे चोराच्या पावलांचे माप घ्यायला आलेल्यांची पावलेही मोजून घ्यावी लागली.

मुलांच्या दंडावर विज्ञान उभे राहण्याची गोष्ट खम्ममपासून सुरू होत नाही, हे आम्हांला माहीत आहे. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली देवीच्या लसीचा पहिला प्रयोग केला तो आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलावर. लस टोचून झाल्यावर ती लागू पडली का हे पाहण्यासाठी त्याच पोराच्या अंगात खऱ्या देवीचे विष सोडले. भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती आमच्या मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरच्या फोडातली लस पुढे इतर मुलांना आणि तेथून पुण्या-सुरतेकडे गेली. त्या काळाला संमतीचा हिशेब विचारणे अन्यायाचे होईल. पण न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या संस्थेत १९५६ पासून पुढे वर्षानुवर्षे मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग दिला गेला, तो नाझी डॉक्टरांविरुद्धचे न्युरेंबर्गचे निवाडे लागून नऊ वर्षे झाल्यावर. तेथे तर पालकांच्या सह्या होत्या! फक्त संस्थेत जागा नसल्याचे सांगून, प्रयोगाच्या कक्षात तेवढी जागा आहे, असे अगतिक आईबापांच्या कानी घातले जाई. अमेरिकेला त्याची शरम वाटायला वेळ लागला, पण वाटली, आणि त्या शरमेतून त्यांचे मुलांच्या संरक्षणाचे नियम निघाले. माळ्याचे पोर, मतिमंद पोर, आदिवासी पोर. सर्जनच्या, सचिवाच्या किंवा कंपनीच्या संचालकाच्या मुलीचा दंड या यादीत शोधूनही सापडत नाही.

तर मग मुलांवर संशोधन करूच नये काय, असा भाबडेपणाचा आव आणून विचारणारे आता पुढे सरसावतील. करावे! अवश्य करावे. मुलांना संशोधनातून वगळणे हाही अन्यायच, कारण मग मोठ्यांसाठी शोधलेल्या गोळीचे अर्धे आणि पाव तुकडे करून डॉक्टर अदमासाने पोरांना देत राहतात, आणि किशोरवयीन मुलींच्या दुखण्यांविषयी पुस्तकात एक ओळही उरत नाही. प्रश्न करण्या-न करण्याचा नाहीच, विचारण्याचा आहे. तेलुगू मुलीला तेलुगूत, कोया मुलीला कोयात, भिल्ल मुलीला तिच्या भिलीत सांगायला काय लागते? आईला गावातून बोलावून आणायला एसटीचे भाडे लागते. मुलीला वॉर्डनच्या नजरेआड, एकटीने, घरी विचार करून उत्तर द्यायला चार दिवस लागतात. ‘नको’ म्हणालेल्या मुलीचा भात, चादर आणि रजा शाबूत राहील याची हमी लागते. लाखो डॉलरांच्या प्रकल्पात एवढ्यासाठी पैसा नव्हता असे कुणी म्हणत असेल, तर त्याने ते त्या आयांच्या तोंडावर म्हणावे. खरे कारण पैशाचे नव्हतेच. विचारले असते तर काही जणींनी नकार दिला असता, आणि नकारांचा रकाना देणगीदाराला दाखवायला शोभला नसता.

आयसीएमआरला पुढे जाग आली, असे कागदोपत्री म्हणता येते. २०१७ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी होकार हवा. नियम उत्तम. २००६ चाही उत्तमच होता.

आणि न्याय? संसदीय समितीने जबाबदारी निश्चित करायला सांगितले, ‘पाथ’वर कायदेशीर कारवाई करायला सांगितले. त्याआधीच, २०१२ साली, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. तेथे ते मुलींच्या प्रश्नापर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडले, कारण संसदीय समितीचा अहवाल न्यायालयाने पुरावा म्हणून वाचावा की वाचू नये, यावर थोर थोर विधिज्ञांचा खल सुरू झाला. तो खल घटनापीठापर्यंत चढला. ९ मे २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला: वाचता येईल, त्याच्या आधारे बोलता येईल, फक्त त्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येणार नाही. निकाल योग्यच आहे. पण तारखा पाहा. २००९ साली दहा ते चौदा वर्षांच्या असलेल्या मुली २०१८ साली एकोणीस ते तेवीस वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांच्या वतीने सही कुणी करायची होती, हा वाद जिच्यात उभा राहिला त्या याचिकेतला कागद उघडायचा की नाही हे ठरेपर्यंत त्या कायद्याने सज्ञान होऊन स्वतःच सही करण्याच्या वयाला पोहोचल्या होत्या.

या लबाडीची किंमत कुणी चुकवली ते पाहिले म्हणजे आमच्या संतापाचा पारा का चढतो ते कळेल. लबाडी केली ती संस्थांनी. संशय चिकटला तो लसीला. आदिवासी मुलींवर प्रयोग झाला ही बातमी ज्या गावात पोहोचली, त्या गावातली आई पुढे आपल्या मुलीला या लसीसाठी सहजासहजी कशी धाडेल? गेल्या दशकात या लसीचे नाव काढले की खम्ममचे नाव निघे, आणि त्या धसक्याने सरकारे पाऊल मागे घेत राहिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने देशी एचपीव्ही लस तयार केली, तिला २०२२ साली परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा केली. मधली इतकी वर्षे कुणाच्या हिशेबी मांडायची? ज्यांनी चार दिवस थांबून आईला विचारण्याचा कंटाळा केला, त्यांनी एका चांगल्या लसीला या देशात वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवले. लसविरोधी भोंदूंनी जेवढे नुकसान केले नसेल, तेवढे या लसप्रेमी पंडितांनी केले.

महाराष्ट्राने तरी हात झटकून मोकळे होऊ नये. भद्राचलमच्या घाटाला लागणारी गोदावरी आमच्या त्र्यंबकेश्वराहूनच निघते, आणि नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आमच्याही शासकीय आणि अनुदानित मिळून हजारावर आश्रमशाळा आहेत. तिथली मुलगी खम्ममच्या मुलीहून वेगळी नाही. तिच्या आईबापांची वाट तितकीच लांब, तिच्या वसतिगृहाच्या किल्ल्या तशाच दुसऱ्याच्या कमरेला. प्रबंधासाठी प्रश्नावली घेऊन आलेला संशोधक मुख्याध्यापकांना नमस्कार करून वर्गात शिरला की संमती मिळाली असे आपल्याकडेही सर्रास मानले जाते. मग मुलीची पाळी, तिचे वजन, तिच्या घरातली दारू, तिला होणारी मारहाण, हे सगळे तिच्या गुरुजींच्या देखत विचारून घ्यायचे आणि पदवी पदरात पाडून जायचे. रक्ताचा थेंब घेतला नाही, तर संशोधनाला धक्का कुठे लागला, असा या विद्वानांचा समज. बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून तिच्या बापाची दारू वदवून घेणे आणि तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावरून फिरवत नेणे, हा तिच्या दंडात खुपसलेल्या सुईपेक्षा लहान घाव आहे, असे आम्हांला मुळीच वाटत नाही.

म्हणून आमची मागणी गुळमुळीत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत वॉर्डन, गृहपाल, अधीक्षक, मुख्याध्यापक किंवा शासनाचा इतर कुणीही नोकर पालकाच्या जागी सही करील तर ती सही जन्मतःच रद्द समजावी, असा स्पष्ट नियम राज्य शासनाने काढावा; त्या सहीच्या आधारे गोळा केलेली माहिती, मग ती कितीही मोलाची असो आणि ती गोळा करणारा कितीही नामांकित असो, नष्ट करावी; मुलाने नकार दिला किती वेळा आणि तो मानला किती वेळा हा रकाना प्रत्येक अहवालात छापावा, आणि तो रकाना कोरा असेल तर अहवाल परत पाठवावा. संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीत आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडलेली एक तरी सज्ञान मुलगी बसवावी. कुठल्या कागदाला कुठून वास मारतो हे तिला चष्मेवाल्या प्राध्यापकांपेक्षा आधी कळेल. आणि खम्ममच्या बाबतीत, ज्या परिपत्रकाने सहीचा अधिकार आईबापांच्या हातून काढून घेतला, त्या परिपत्रकाखाली ज्यांची सही आहे त्यांची नावे केंद्र सरकारने जाहीर करावीत. हजारो आईबापांच्या नावावर दुसऱ्यांना सही करायला लावणाऱ्यांनी स्वतःच्या सहीची जबाबदारी तरी घ्यावी.